निकाल लागला, वसुली राहिली

सोलापूरचा बराचसा व्यवहार उधारीवर चालतो. टॉवेल आणि चादरींचा माल पेठेत जातो तो मुदतीच्या बोलीवर, गणवेश शिवणाऱ्या घरांना मजुरी मिळते ती व्यापाऱ्याचे बिल सुटल्यावर, आणि भाडेकरूची अनामत परत येते ती घरमालकाच्या सवडीने. भांडवल कमी असलेल्या शहरात धंदा असाच उभा राहतो आणि त्यात वावगे काही नाही. प्रश्न येतो तो उधारी बुडाल्यावर. पन्नास हजार, ऐंशी हजार, दीड लाख अशा रकमांसाठी माणूस वकील करतो, दावा लावतो, तारखांना उभा राहतो, आणि काही वर्षांनी निकाल त्याच्या बाजूने लागतो. आता पैसे मिळतील, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात त्याच्या हाती पडतो तो हुकूमनामा, म्हणजे प्रतिवादीने वादीला इतके रुपये इतक्या व्याजासह द्यावेत असा न्यायालयाचा लेखी आदेश. प्रतिवादीने तो पाळला नाही, तर त्याच न्यायालयात वेगळी दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या बजावणीसाठीचा अर्ज, दाखल करावी लागते, तिला वेगळा क्रमांक पडतो, वेगळ्या नोटिसा निघतात आणि तारखा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात.

हे दुखणे जुने आहे. १८७२ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातील सर्वांत वरच्या अपील न्यायालयाने, दरभंगा राजच्या एका प्रकरणात नोंदवून ठेवले की, हिंदुस्थानातील पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यानंतर सुरू होतात. त्यानंतर दीडशे वर्षे उलटली. २०२५ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पेरियम्मल खटल्यात देशातील सर्व उच्च न्यायालयांकडून प्रलंबित दरखास्तींची माहिती मागवली, आणि ऑक्टोबरमध्ये ती समोर आली तेव्हा आकडा होता ८ लाख ८२ हजारांहून अधिक. त्यातील सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३ लाख ४१ हजार दरखास्ती, मुंबई उच्च न्यायालयाच्या अखत्यारीतील न्यायालयांमध्ये पडून होत्या. या आकड्यात जमिनीचे ताबे आहेत, वाटण्या आहेत, मोठ्या कंपन्यांच्या वसुल्याही आहेत. परंतु सर्वांत कमी ऐपतीने लढणारा पक्षकार त्यातील लहान रकमांच्या दरखास्तींमध्ये आहे, आणि मला जे मांडायचे आहे ते त्याच्यापुरते आहे. व्यक्तीने किंवा लहान व्यावसायिकाने जिंकलेल्या छोट्या रकमेच्या दाव्यात, देणेकऱ्याची मालमत्ता शोधण्याचे आणि वसुली पुढे नेण्याचे काम जिंकणाऱ्याच्या अंगावर न टाकता न्यायालयाने स्वतःकडे घेतले पाहिजे. आज ते काम पूर्णपणे जिंकणाऱ्याचे मानले जाते.

ते कसे, हे नीट पाहिले पाहिजे. समजा, अशोक चौकाच्या मागच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी एका व्यापाऱ्याला शाळेचे गणवेश शिवून दिले आणि मजुरीचे साठ हजार रुपये बुडाले. त्यांनी दावा लावला आणि त्या जिंकल्या. दरखास्तीच्या अर्जात त्यांना लिहावे लागते की वसुली कोणत्या मार्गाने हवी: जंगम मालमत्तेची जप्ती, स्थावराची जप्ती व लिलाव, बँक खाते गोठवणे, पगारातून कपात, की देणेकऱ्याला दिवाणी कैद. मार्ग निवडायचा तर देणेकऱ्याकडे काय आहे हे ठाऊक असले पाहिजे, आणि नेमके तेच या बाईंना ठाऊक नसते. जंगम जप्तीचे वॉरंट निघाले तर ते नाझराकडून, म्हणजे बजावणीचे काम पाहणाऱ्या न्यायालयीन अधिकाऱ्याकडून, बेलिफाकडे जाते, बेलिफाच्या वेळेनुसार त्यांनी बरोबर जायचे, आणि देणेकऱ्याच्या दारात उभे राहून हे त्याचे, हे त्याचे असे दाखवायचे. दुकान भावाच्या नावावर निघते, गाडी फायनान्सवर असते, शिलाई यंत्रे पत्नीच्या नावावर खरेदी केलेली असतात. जप्त झालेल्या वस्तूवर तिसऱ्याच माणसाने हक्क सांगितला तर त्या हक्काची चौकशी दरखास्तीतच होते, तिच्यात पुरावा होतो आणि तिच्या निर्णयावर अपीलही चालते. राहती भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारे यांना दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० हात लावू देत नाही, आणि ते योग्यच आहे. बँक खाते गोठवायचे तर कोणत्या बँकेत, कोणत्या शाखेत, हे त्यांनीच सांगायचे. देणेकऱ्याने कधीकाळी दिलेल्या धनादेशावरून एक खाते कळते, पण दावा चालू असताना ते रिकामे करायला त्याला भरपूर वेळ मिळालेला असतो. दिवाणी कैदेचा मार्ग घेतला तर आधी कारणे दाखवा नोटीस, मग चौकशी, आणि खरोखर कैद झालीच तर त्या माणसाच्या जेवणाखाण्याचा भत्ताही दरखास्तदारानेच भरायचा असतो.

या प्रत्येक पावलाला प्रोसेस फी आहे, वकिलाची फी आहे, आणि बाईंची त्या दिवसाची बुडालेली मजुरी आहे. साठ हजारांच्या वसुलीसाठी पंधरा-वीस हजार घालायचे का, हा हिशेब त्या दुसऱ्या-तिसऱ्या तारखेला करतात आणि बहुधा थांबतात. हुकूमनामा बजावण्यासाठी कायद्याने बारा वर्षांची मुदत दिली आहे, आणि देणेकऱ्याला एवढेच करायचे असते की ही बारा वर्षे दमाने काढायची. व्याजही त्याच्याच सोयीचे आहे. व्यापारी व्यवहार असेल तर न्यायालय अधिक दर लावू शकते, पण इतर पैशाच्या हुकूमनाम्यांत निकालानंतरचे व्याज संहितेच्या कलम ३४ प्रमाणे दरसाल ६ टक्क्यांच्या वर जात नाही. साठ हजारांवर वर्षाला ३,६०० रुपये होतात. पेठेत शेकडा दोन रुपये महिन्याने उचललेल्या तेवढ्याच रकमेवर १४,४०० रुपये द्यावे लागतात. न्यायालयाचे देणे थकवणे हा असा या शहरातील सर्वांत स्वस्त कर्जाचा प्रकार होऊन बसतो, आणि ज्याला व्यवहार कळतो तो देणेकरी इतर सगळी देणी आधी फेडतो व हुकूमनाम्याचे शेवटी ठेवतो.

वसुली ही मुळातच अवघड गोष्ट आहे, त्याला न्यायालय काय करणार, असे यावर म्हटले जाते. हे मला पटत नाही, कारण शासनाला वसुली करायची असते तेव्हा ती कशी करायची हे त्याला उत्तम ठाऊक असते. पतसंस्थेचे कर्ज थकले तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली निबंधक वसुली दाखला देतो. दिवाणी दावा न लावताच संस्थेला वसुलीचा अधिकार मिळतो आणि अधिकार दिलेला वसुली अधिकारी जप्ती-लिलाव करतो. बँकेकडे तारण असेल तर २००२ च्या सरफेसी कायद्याने ती न्यायालयात न जाता तारणाचा ताबा घेते आणि त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची मदत मागते. उसाचे पैसे गाळप झालेल्या कारखान्याने ऊस मिळाल्यापासून १४ दिवसांत दिले नाहीत तर १५ टक्के व्याज लागते, आणि साखर आयुक्तांनी आरआरसी, म्हणजे महसुली वसुलीचा दाखला, काढली की ती रक्कम जमीन महसुलाची थकबाकी म्हणून जिल्हाधिकारी वसूल करतात. आरआरसी निघूनही पैसे लांबतात, हे सोलापूर जिल्ह्यातील ऊस उत्पादकांना सांगायला नको. पण तेथे निदान पैसे कोणी वसूल करून द्यायचे हे ठरलेले आहे, आणि ते न झाल्यास कोणाच्या दारात आंदोलन करायचे हेही ठरलेले आहे. गणवेश शिवणाऱ्या बाईंच्या हुकूमनाम्याला असा धनी नाही. तो देणारे न्यायालय दरखास्तदाराने मालमत्ता दाखवावी म्हणून थांबते, आणि बाई न्यायालयाने काहीतरी करावे म्हणून थांबतात.

कायद्याने हे ओझे जिंकणाऱ्यावर का ठेवले, याला इतिहास आहे आणि तो आपल्याच जिल्ह्याचा आहे. १८७५ मध्ये पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्यानंतर चौकशी झाली, आणि १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो सुरुवातीला ज्या चार जिल्ह्यांना लागू झाला ते होते पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर. त्या काळी हुकूमनामा म्हणजे बहुतेक वेळा सावकाराने एकतर्फी मिळवलेला कागद, आणि दरखास्त म्हणजे कुणब्याची जमीन लिलावात काढण्याचे साधन होते. त्या कायद्याने पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला अटक करणे बंद केले आणि सावकाराच्या हिशेबात मागे जाऊन मूळ रक्कम तपासण्याचा अधिकार न्यायालयाला दिला. त्यामागची दया आणि शहाणपण दोन्ही आजही मानले पाहिजेत. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतही हीच काळजी दिसते: शेतकऱ्याचे घर व औजारे जप्तीतून वगळली आहेत, पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही, २,००० रुपयांपर्यंतच्या हुकूमनाम्यासाठी कोणालाच कैदेत ठेवता येत नाही, आणि त्याहून मोठ्या रकमेसाठीही कैद फार तर तीन महिन्यांची. पुढे १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्पष्ट केले की, केवळ पैसे दिले नाहीत म्हणून कोणाला तुरुंगात टाकता येणार नाही. ऐपत असून अप्रामाणिकपणे टाळल्याचे दिसले पाहिजे.

या संरक्षणांपैकी एकही काढावे असे मला वाटत नाही. परंतु ती संरक्षणे ज्या चित्रावर उभी आहेत, म्हणजे मागणारा बलवान आणि देणारा दुबळा, ते चित्र लहान दाव्यांत पुष्कळदा उलटे झालेले आहे. मजुरी मागणारी कारागीर बाई, अनामत मागणारे निवृत्त भाडेकरू, हातमागाचा माल देऊन बसलेला विणकर, आगाऊ घेतलेले पैसे परत न करणाऱ्या ठेकेदारामागे फिरणारे कुटुंब: वादी हे आहेत. समोरचा माणूस अनेकदा त्यांच्याहून अधिक पैसेवाला आणि न्यायालयाच्या वाटा अधिक ओळखणारा असतो. सावकाराच्या हातातले हत्यार बोथट करण्यासाठी केलेली रचना आज, जिला ज्यांना वाचवायचे होते त्याच दुबळ्या वर्गातील माणसांच्या हातात बोथट हत्यार देते, आणि खऱ्या सावकारी ताकदीच्या संस्थांनी तर आपापल्या स्वतंत्र वाटा केव्हाच काढून घेतल्या आहेत.

देऊ शकत नाही आणि देऊ इच्छित नाही, या दोन माणसांत फरक करायचा तर देणेकऱ्याकडे काय आहे हे आधी उघड झाले पाहिजे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. संहितेच्या आदेश २१ मधील नियम ४१ सांगतो की, पैशाचा हुकूमनामा तीस दिवस अदत्त राहिला तर दरखास्तदाराच्या अर्जावरून न्यायालय देणेकऱ्याला मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र देण्यास सांगू शकते, आणि त्याने आदेश मोडला तर त्याला तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद देता येते. २०२१ मध्ये राहुल शहा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच्याही पुढे जाऊन आदेश दिले: पैशाच्या दाव्यात मुद्दे निश्चित होण्यापूर्वीच प्रतिवादीला शपथेवर मालमत्ता जाहीर करायला सांगता येईल, योग्य प्रकरणी दावा चालू असतानाच तारण मागता येईल, निकालाच्या वेळी तोंडी अर्जावरच बजावणी सुरू करण्याच्या नियमाचा वापर करावा, आणि दरखास्त दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढावी, उशीर झाल्यास कारणे लेखी नोंदवावीत. पोटगीच्या प्रकरणांत तर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालाने दोन्ही पक्षांना मालमत्ता व देण्यांचे ठरावीक नमुन्यातील प्रतिज्ञापत्र सक्तीचे केले आहे. म्हणजे नमुनासुद्धा तयार आहे.

असे असताना नियम ४१ चा वापर लहान दरखास्तींत विरळ का होतो, याची कारणे शोधायला दूर जावे लागत नाही. नियमात न्यायालय मागवू शकते असे आहे, मागवेल असे नाही. पुढाकार दरखास्तदाराने घ्यायचा आहे. आणि छोट्या रकमेच्या दरखास्तीत अर्जामागून अर्ज देत बसण्याइतकी फी पक्षकाराकडून मिळत नाही, हे वकिलांच्या बाजूनेही समजण्यासारखे आहे. म्हणून या अर्जाची वाट पाहणेच थांबले पाहिजे. एका ठरावीक रकमेखालच्या, व्यक्ती किंवा लहान व्यावसायिक वादी असलेल्या प्रत्येक पैशाच्या हुकूमनाम्यात, निकालपत्राच्या शेवटी एक परिच्छेद असावा: तीस दिवसांत रक्कम भरा, नाही तर त्या मुदतीनंतर अमुक तारखेला बँक खाती, वाहने, स्थावर, येणी आणि उत्पन्न यांचे प्रतिज्ञापत्र घेऊन हजर राहा. संहितेत आज अर्जाची अट असल्याने असा परिच्छेद सक्तीचा करायचा तर उच्च न्यायालयाला आपल्या नियमांत दुरुस्ती करावी लागेल. संहितेच्या कलम १२२ प्रमाणे तो अधिकार उच्च न्यायालयाकडे आहे. ती होईपर्यंत निकालाच्या दिवशीच छापील अर्ज दरखास्तदाराच्या हाती देऊन सही घेणे कोणत्याही न्यायालयाला करता येण्यासारखे आहे.

ही उघड माहिती केवळ धनकोच्या उपयोगाची नाही. ज्याच्याकडे खरोखर काही नाही त्याचे नसणे एकदा शपथेवर नोंदले गेले, की बेलिफाच्या फेऱ्या, शेजारपाजारची नाचक्की आणि अटकेची टांगती तलवार यांतून तोही सुटतो. न्यायालय त्याला हप्ते बांधून देऊ शकते; संहितेत ती सोय आहे. महिना दोन हजारांचा हप्ता नियमित आला तर शिवणकाम करणाऱ्या बाईंनाही तो चालतो. त्यांना न चालणारी गोष्ट म्हणजे समोरच्याचे घर रंगत असताना आपल्या दरखास्तीत पुढची तारीख पडणे.

न्यायालयांवर आधीच भार आहे, त्यात हे काम कोण करणार, हा आक्षेप गंभीर आहे. न्यायाधीश कमी आहेत, बेलीफ कमी आहेत, आणि एकेका बेलिफाकडे समन्सपासून ताब्यापर्यंत सर्व कामे आहेत. पण काहीही न घडता पुढे ढकललेली तारीख हेसुद्धा कामच आहे. तिला न्यायाधीशाचा वेळ लागतो, कारकुनाची नोंद लागते आणि दोन्ही पक्षांचा दिवस जातो. पहिल्याच तारखेला मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र पुढ्यात आले, तर पुढच्या पाच-सात तारखांचे प्रयोजन उरत नाही. स्वीडनमध्ये वसुलीसाठी स्वतंत्र सरकारी यंत्रणा आहे आणि देणेकऱ्याची मालमत्ता शोधणे हे तिचे काम मानले जाते. तेवढी मोठी रचना इथे लगेच उभी राहील असे मी म्हणत नाही. मात्र जिल्हा न्यायालयाच्या ठिकाणी लहान दरखास्तींसाठी आठवड्यातला एक दिवस आणि एक प्रबंधक दर्जाचा अधिकारी राखून ठेवणे आवाक्याबाहेरचे नाही. प्रतिज्ञापत्र तपासणे, बँकांना खात्यांविषयी पत्र पाठवणे, आरटीओकडून वाहनांची माहिती घेणे, हप्त्यांची नोंद ठेवणे ही कामे न्यायाधीशानेच करावीत असे काही नाही. माहितीच्या गोपनीयतेची काळजी असेल तर प्रतिज्ञापत्र न्यायालयाच्या ताब्यात ठेवावे आणि जप्त होऊ शकणाऱ्या मालमत्तेपुरताच तपशील दरखास्तदाराला द्यावा.

हे होत नसल्याने लोक दुसऱ्या वाटा धरतात आणि त्या वाटांवर गर्दी होते. धनादेश हातात असेल तर माणूस दिवाणी दाव्याऐवजी परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली फौजदारी तक्रार करतो, कारण तेथे तुरुंगाची भीती आहे आणि २०१८ पासून रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई मागता येते. पैसे वसूल करण्यासाठी फौजदारी न्यायालय वापरावे लागणे ही चांगली अवस्था नव्हे. ग्राहक आयोगाचा आदेश न पाळणाऱ्याला २०१९ च्या कायद्याच्या कलम ७२ खाली शिक्षा होऊ शकते, म्हणून लोक तेथे जातात. आणि ज्याच्याकडे धनादेशही नाही आणि ग्राहक म्हणूनही जाता येत नाही, तो कधी कधी अर्धे पैसे घेऊन वसुली करून देणाऱ्या माणसांकडे जातो. अशी माणसे प्रत्येक शहरात असतात, आणि न्यायालयाच्या शिक्क्याचा कागद खिशात असलेला माणूस त्यांच्या दारात उभा राहतो, ही गोष्ट मला या सगळ्या विषयातली सर्वांत चिंतेची वाटते. तेथे कलम ६० नाही, हप्त्यांची सोय नाही आणि गरीब देणेकऱ्यावर दया नाही.

लोकअदालतीविषयी एक गोष्ट येथेच नोंदवली पाहिजे. तिचा निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही, म्हणून लहान रकमांचे वाद तिच्यात मिटवण्याचा आग्रह धरला जातो. तडजोडीत वादी बहुधा व्याज सोडतो, पुष्कळदा मुद्दलातलेही काही सोडतो, ते पैसे लवकर मिळावेत म्हणून. मग हप्ते थकले की त्याच दरखास्तीच्या रांगेत तो पुन्हा उभा राहतो, फक्त आता त्याची रक्कम कमी झालेली असते. तडजोड लिहिताना पहिला हप्ता तेथेच भरून घेणे, उरलेले हप्ते खात्यातून आपोआप वळते होतील अशी सूचना बँकेला देऊन तिची प्रत निवाड्याला जोडणे, आणि दोन हप्ते चुकल्यास सोडलेली पूर्ण रक्कम व्याजासह पुन्हा देय होईल असे कलम घालणे, एवढ्या तीन गोष्टी पॅनेलने नेमाने केल्या तरी बऱ्याच दरखास्ती जन्मालाच येणार नाहीत.

वकील मंडळींनी या कामात पुढाकार घ्यावा, असे मला आग्रहाने म्हणावेसे वाटते. राहुल शहा खटल्यातील निर्देशांचा आधार घेऊन दाव्यातच मालमत्ता जाहीर करण्याचा अर्ज देणे, निकालपूर्व जप्तीची मागणी योग्य ठिकाणी वेळेत करणे, आणि दावा लावण्यापूर्वीच पक्षकाराला प्रतिवादीचे बँक तपशील, जीएसटी क्रमांक, वाहनांचे क्रमांक टिपून ठेवायला सांगणे, ही कामे दरखास्तीच्या वेळी करू म्हटले तर उशीर झालेला असतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळालेल्या स्त्रिया, कामगार आणि इतर पात्र पक्षकार यांना ती मदत निकालाशी न थांबता दरखास्त निकाली निघेपर्यंत मिळते आहे ना, हे प्राधिकरणाने स्वतः तपासले पाहिजे, आणि दरवर्षी किती दावे जिंकले याच्या शेजारी त्यातील किती रकमा प्रत्यक्ष हाती पडल्या, हा रकानाही आपल्या अहवालात ठेवला पाहिजे.